सेव्ह लिहिण्याआधी, ऐक जरा

अगं, तुझा कोड वाचला. नीटनेटका आहे. फक्त जागोजागी जे सेव्ह लिहिलंयस ना, त्याच्या पोटात काय चालतं ते तुला आत्ताच कळलेलं बरं.

स्प्रिंग डेटा जेपीएचं सेव्ह आधी ठरवतं, समोरचा ऑब्जेक्ट नवा की जुना. त्यासाठी ते डेटाबेसला विचारत नाही. व्हर्जनचं फील्ड असेल तर ते बघतं, नसेल तर आयडी. नल दिसलं की नवा, म्हणून पर्सिस्ट, नाहीतर मर्ज. आयडी डेटाबेस देतो तिथे हे सुरळीत चालतं. पण पार्सलच्या टेबलाला तू स्वतःच यूयूआयडी देतेस. मग कोरं करकरीत पार्सलसुद्धा त्याला जुनंच वाटणार. एसक्यूएलचा लॉग लावून बघ, प्रत्येक इन्सर्टच्या आधी एक सिलेक्ट जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो. हजार पार्सलं भरलीस की हजार फुकटच्या खेपा. व्हर्जनचं फील्ड ठेव, मोठ्या एलचा लाँग. लहान एलचा कधी नल होत नाही, मग गाडी पुन्हा आयडीवरच येते.

खरी काळजी मला मर्जची वाटते. तू दिलेला ऑब्जेक्ट तसाच बाहेर राहतो. हायबरनेट सांभाळतं ती दुसरीच प्रत, सेव्ह परत देतं ती. तीच हातात धर. पहिल्यावर नंतर स्टेटस बदललंस तर तो बदल डेटाबेसपर्यंत पोचत नाही, आणि एररही येत नाही.

आणि फॉर्ममधून आलेल्या अर्धवट ऑब्जेक्टला आयडी चिकटवून सेव्ह करणं आजपासून बंद कर, बाई. मर्ज सगळी फील्डं उतरवून घेतं, नलसुद्धा. फॉर्मवर फोन नंबर नव्हता, तर ग्राहकाचा नंबर पुसला जातो. त्यापेक्षा ट्रान्झॅक्शनमध्ये आयडीने रेकॉर्ड काढ, हवं तेवढंच बदल. तिथे सेव्ह लिहायचीही गरज नाही, कमिटच्या वेळी हायबरनेट फरक ओळखून अपडेट करतं.

राहता राहिला हॅशकोड. ऑर्डरचा आयडी इन्सर्ट झाल्यावर मिळतो, म्हणून तो आयडीवरून काढू नकोस. आधी हॅशसेटमध्ये टाकलेली ऑर्डर नंतर त्यात सापडणार नाही. पार्सलला ही अडचण नाही, त्याचा आयडी पहिल्यापासून हातात असतो. तेव्हा यूयूआयडी काढून टाकू नकोस हं, व्हर्जन तेवढं आजच घाल.