रोबोच्या हाती अवजार देणारे करिअर

दहावी-बारावीचा निकाल लागला की पालक हमखास विचारतात, "मुलाला रोबोटिक्सला घालू का? पुढे नोकरी मिळेल ना?" उत्तर देण्याआधी या क्षेत्रात नेमके काम काय चालते, ते पाहू.

कारखान्यातला रोबो ठरलेल्या जागी ठरलेले वेल्डिंग करतो. घरात काहीच ठरलेले नसते. भात वाढायला डाव सापडला नाही, तर आपण सरळ वाटी घेतो. अशी निवड रोबोला करता यावी, यासाठी संशोधन चालू आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 2019मध्ये रोबोला हाताशी असलेल्या तुकड्यांतून हातोडी, उलथने अशी अवजारे जुळवायला शिकवले. तुकड्याचा आकार रोबो कॅमेऱ्याने पाहतो आणि तो धातूचा आहे की फोमचा, हे स्पेक्ट्रोमीटर परावर्तित प्रकाशावरून सांगतो. आकार जुळला तरी फोमने खिळा ठोकता येत नाही, हे त्याला असे कळते.

अवजार निवडले, तरी ते नीट धरावे लागते. अमेरिकेतल्याच एमआयटीत तयार झालेल्या जेलसाइट सेन्सरमध्ये मऊ जेलची गादी आणि आत छोटा कॅमेरा असतो. वस्तू टेकली की गादीवर ठसा उमटतो. ठसा सरकू लागला की वस्तू निसटते आहे हे ओळखून रोबोला पकड आवळता येते.

आता शाखेचे बघा. रोबोची बोटे घडवायला मेकॅनिकल लागते, सेन्सरला इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशन, ठशाचा अर्थ लावायला कॉम्प्युटर. त्यामुळे पदवीच्या नावात 'रोबोटिक्स' नसले तरी काही बिघडत नाही. प्रवेशाआधी कॉलेजची प्रयोगशाळा पाहा आणि तिथे मुले स्वतः हाताने जोडणी करतात का, हे विचारा. दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्गही चांगला आहे.

मुलांनो, सदिश, मॅट्रिक्स, संभाव्यता, बल, घर्षण हे धडे केवळ मार्कांपुरते उरकू नका. रोबोची पकड याच गणितावर चालते. सोबत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका. आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमाचे वर्ग ऑनलाइन मोफत पाहता येतात. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र उपक्रमाच्या रोबोटिक्स स्पर्धेची माहितीही घ्या.

पालकहो, सगळे घरकाम करणारा रोबो अजून दुकानात सर्रास मिळत नाही. त्यामुळे असे रोबो बनवण्याच्या एकाच नोकरीवर भिस्त ठेवू नका. पण सेन्सर आणि प्रोग्रामिंगची हीच कौशल्ये वाहन उद्योगात, गोदामांत आणि वैद्यकीय उपकरणांतही लागतात. फी भरण्याआधी सुट्टीत मुलाला आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड आणि दाब मोजणारा सेन्सर आणून द्या. टोमॅटो न फुटता किती दाबता येतो, हे त्याला मोजू द्या. आकडे चुकल्यावरही तो पुन्हा जोडणी करायला बसला, तर निर्धास्तपणे या वाटेने पाठवा.