दोन टक्के आणि कामगाराची मजुरी

या आठवड्यात संत याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घरी उघडून वाचा. चौथ्या वचनात शेतमालकांनी बुडवलेली कापणीवाल्यांची मजुरी देवाकडे गाऱ्हाणे घालते आहे. त्या मालकांनी दानधर्म किती केला, हे याकोब विचारतच नाही. मजुरी दिली की नाही, एवढेच तो पाहतो.

आज शेतमालकाच्या जागी कंपनी आहे. शाळेला संगणक, दवाखान्याला रुग्णवाहिका देणाऱ्या कंपनीचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करावे लागतात. पण केवळ आपल्याच कामगारांसाठी केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही. म्हणजे कामगाराचे देणे हे समाजकार्य नव्हे, ते निराळेच खाते आहे. नफ्याचा वाटा कुठे गेला हे दोन टक्के सांगतात. नफा आला कसा, हे सांगत नाहीत.

त्याविषयी २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. माणसांच्या हक्कांचे रक्षण सरकारने करावे, कंपनीने त्या हक्कांचा मान राखावा, आणि अन्याय झालाच तर दाद मागण्याची सोय असावी, असा त्यांचा गाभा आहे. तिसरी गोष्ट किती अवघड, हे भोपाळने आपल्याला दाखवले आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे दगावली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरवले तेव्हा २०१० साल उजाडले होते. शिक्षा झाली दोन वर्षांची.

भारत सरकारनेही २०११ साली आणि पुन्हा २०१९ साली कंपन्यांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. एकूण तत्त्वे नऊ. पाचवे मानवी हक्कांचे. ती ऐच्छिक आहेत. मात्र त्यांच्या आधारे सेबीने २०२१ साली एक अहवाल ठरवून दिला, आणि २०२२-२३ पासून शेअरबाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना तो सक्तीचा केला. किमान वेतन कितीजणांना मिळते, लैंगिक छळाच्या वा बालमजुरीच्या तक्रारी किती आल्या, हे त्यात सांगावे लागते. माहिती कंपनी स्वतःच भरते, हे खरे. पण विचारणारा कोणी आहे, हेही थोडके नव्हे. लहान कारखाने आणि गाळे मात्र या हजारांत बसत नाहीत, आणि आपली पुष्कळ मुले तिथेच कामाला जातात.

ख्रिस्तसभेने हा विषय फार पूर्वी हाताळला आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या मानवी श्रमाविषयीच्या विश्वपत्रात ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली. पगार हातात ठेवतो तो प्रत्यक्ष मालक. परंतु ज्यांच्या धोरणामुळे तो पगार ठरतो, ते सरकार आणि त्या मोठ्या कंपन्याही कामगाराला उत्तर देणे लागतात. आपल्याकडे ठेकेदारामार्फत काम करणाऱ्याला हे चटकन समजेल. गेट कंपनीचे, यंत्र कंपनीचे, पगार मात्र ठेकेदाराचा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यावा, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांतही ती जबाबदारी कायम आहे. पगार बुडाला म्हणून मुकाट्याने दुसरे काम शोधणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असते?

लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत कंत्राटी कामावर असलेल्यांनी आपली पगारपावती जरूर आणावी आणि तिच्यावर नाव कोणाचे आहे ते पाहावे. कंपनी त्या एक हजारांतली असेल तर तिचा अहवाल संकेतस्थळावर मिळतो. त्यात पाचव्या तत्त्वाखाली कायम आणि इतर कामगारांच्या वेतनाचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात.