गिनीपिगला औषध देताना : वजन, थेंब आणि माझी एक चूक



आजचा लेख नेहमीच्या पाठांपेक्षा थोडा वेगळा आहे. परिसर अभ्यासात आपण प्राण्यांची काळजी शिकवतो, पण घरातला छोटा प्राणी आजारी पडला तर काय करायचं, हे पुस्तकात नसतं. मलाही ते माहीत नव्हतं आणि त्याची किंमत एका जिवाने मोजली.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचा गोट्या नावाचा गिनीपिग गेला. त्याला औषध द्यायला "हो" म्हणणारी मी होते, म्हणून हा लेख मीच लिहायला हवा असं वाटलं.

काय घडलं?

आमचं चेणे घोडबंदर रस्त्यालगतचं. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, शेजारून नदी. इथल्या मुलांना कोंबड्या, बकऱ्या, कुत्री-मांजरं काही नवीन नाहीत. पण अलीकडे काही घरांत पिंजऱ्यातले पाहुणेही आलेत. गोट्या त्यातलाच. पांढरा-तपकिरी, फ्रिज उघडला की "वीक वीक" ओरडणारा.

एके दिवशी तो शिंकायला लागला. मुलीच्या आईचा मला फोन आला. "बाई, धाकट्याचं खोकल्याचं औषध उरलंय. ती पावडर असते ना, पाणी घालून हलवायची. गोट्याला दोन थेंब दिले तर चालतील का?" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "लहान बाळाचं औषध आहे ना? मग द्या थोडंसं, काही होणार नाही."

ते औषध खोकल्याचं नव्हतं, अमॉक्सिसिलिन नावाचं प्रतिजैविक होतं. तिसऱ्या दिवशी गोट्याला जुलाब लागले. चौथ्या दिवशी त्याने गवताला तोंड लावलं नाही. मग धावपळ करून त्याला पशुवैद्यांकडे नेलं, पण पाचव्या दिवशी तो गेला. डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि शांतपणे समजावलं. ते तेव्हा मला समजलं, ते तुम्हाला आधीच समजावं, एवढाच या लेखाचा उद्देश.

आपलं औषध त्याला विष का होतं?

गिनीपिग पूर्ण शाकाहारी. गवत पचवण्याचं काम त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू करतात. पेनिसिलीनच्या घराण्यातली औषधं (अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन) आणि क्लिंडामायसिनसारखी आणखी काही प्रतिजैविकं त्या चांगल्या जिवाणूंनाच मारतात. जागा मोकळी झाली की विष तयार करणारे जिवाणू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावू शकतो. गिनीपिगला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं बाहेर टाकायचा मार्गही त्याच्याकडे नाही.

इतिहासातली एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये आठ उंदरांना घातक जिवाणू टोचले गेले. त्यातल्या चार उंदरांना पेनिसिलीन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चारही जिवंत होते, बाकीचे चार मेले होते. त्यानंतर तीनच वर्षांत, १९४३ साली, हेच पेनिसिलीन गिनीपिगला मारक ठरतं हे शास्त्रज्ञांनी नोंदवलं. पहिला प्रयोग उंदरांऐवजी गिनीपिगवर झाला असता तर? मुलांना हा प्रश्न विचारा आणि त्यांना बोलू द्या.

म्हणून पहिला नियम : घरातलं उरलेलं कुठलंही औषध गिनीपिगला द्यायचं नाही. प्रतिजैविक नाही, तापाचं नाही, दुखण्याचं नाही. "बाळाचं आहे" म्हणजे "सौम्य आहे" असं नसतं.

औषधाच्या आधी तीन नोंदी

डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला, "वजन किती होतं?" कुणालाच माहीत नव्हतं.

१. वजन : स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून आठवड्यातून एकदा मोजा, आजारपणात रोज. मोठ्या गिनीपिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. हा प्राणी दुखणं लपवतो, काटा लपवत नाही.

२. लेंड्या : रोज साफसफाई करताना बघा. कमी झाल्या, लहान झाल्या किंवा पातळ झाल्या तर तो इशारा समजा.

३. खाणं : याचं पोट सतत चालू लागतं. बारा तास काहीच खाल्लं नाही तर सकाळची वाट पाहू नका, ती तातडीची वेळ आहे. डॉक्टरांकडे नेताना "उपाशीपोटी न्यावं" असंही करू नका.

गाई-बकऱ्या तपासणारे डॉक्टर आपल्या ओळखीचे असतात, गिनीपिग तपासणारे शोधावे लागतात. प्राणी आणल्याच्या पहिल्याच आठवड्यात शोधून नंबर लिहून ठेवा. मुंबईत परळला १८८६ साली स्थापन झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे. जाण्याआधी फोन करून विचारा. नेताना पिंजऱ्यात गवत ठेवा आणि ऊन लागू देऊ नका. ३० अंशांच्या वरची उष्णता याला सोसत नाही आणि आपल्या घोडबंदरची कोंडी तर तुम्हाला माहीतच आहे!

तोंडाने औषध कसं द्यायचं?

डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध बहुतेक वेळा घरीच द्यावं लागतं. हे काम मोठ्या माणसाने करायचं.

• जमिनीवर बसा. टेबलावर किंवा उभ्याने नको, उडी मारली तर पाय मोडतो.
• एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मानेची कातडी धरून उचलू नका आणि छाती दाबू नका.
• जुन्या मऊ टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळा, डोकं बाहेर.
• सुई नसलेली १ मिलीची सिरिंज घ्या. समोरून दातांवर टेकवू नका. पुढच्या दातांच्या मागे बाजूला मोकळी फट असते, तिथून हळूच आत सरकवा.
• एका वेळी ०.१ ते ०.२ मिली. तो चघळून गिळेपर्यंत थांबा, मग पुढचं.
• उताणं धरायचं नाही, मान वर करायची नाही. औषध श्वासनळीत गेलं तर दुसरंच दुखणं सुरू होईल.
• झालं की कोथिंबिरीची काडी द्या. पुढच्या वेळी तो स्वतःच तोंड पुढे करेल, निदान पळणार तरी नाही.

पाण्याच्या बाटलीत औषध मिसळण्याचा सोपा मार्ग टाळा. किती पोटात गेलं ते कळत नाही आणि चव आवडली नाही तर तो पाणी पिणंच सोडतो.

इंजेक्शनबद्दल

इंजेक्शन देणं पशुवैद्यांचं काम. "मला माणसांना टोचता येतं" हे इथे पुरेसं नाही. गिनीपिगच्या मांडीचा स्नायू इवलासा असतो. तिथे टोचलं तर खूप दुखतं आणि शिरेला इजा होऊ शकते. म्हणून शक्य तिथे डॉक्टर खांद्याजवळ किंवा कुशीजवळ कातडी उचलून तिच्याखाली देतात. ही कातडी जाड असते, त्यामुळे ताकदीचा अंदाज सरावानेच येतो.

लांबच्या उपचारात कधी डॉक्टर घरी इंजेक्शन द्यायला सांगतात. तेव्हा त्यांच्यासमोर, त्यांच्या देखरेखीखाली एकदा स्वतः देऊन दाखवा. जमत नसेल तर स्पष्ट सांगा, त्यात लाज नाही. घरी एकाने धरायचं, दुसऱ्याने द्यायचं. प्रत्येक वेळी नवी सुई. कातडीखाली सलाइन द्यायचं असेल तर ते अंगाइतकं कोमट असावं, फ्रिजमधलं गार नको. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नका, तिथेच बोटाला टोचते. जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकून तो डबा दवाखान्यात परत द्या. कचरा उचलणाऱ्या ताईंचे हात हे कुणाच्या तरी आईचे हात आहेत.

सिरिंजवरच्या रेघा : इथे गणित चुकू नये

आता आपला, म्हणजे शिक्षकांचा विषय! डोस वजनावर ठरतो. एक काल्पनिक औषध घेऊ. दर किलोला ५ मिलिग्रॅम द्यायचं आहे, गिनीपिगचं वजन ८०० ग्रॅम म्हणजे ०.८ किलो.

५ × ०.८ = ४ मिलिग्रॅम

बाटलीवर लिहिलंय : १ मिलीमध्ये १० मिलिग्रॅम. म्हणजे ४ ÷ १० = ०.४ मिली. दशांश चिन्ह विसरलो तर ४ मिली, थेट दहापट! पाचवीच्या मुलांना दशांश अपूर्णांक "कशासाठी शिकायचे" याचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरा सापळा इन्सुलिनच्या सिरिंजचा. थोडं औषध मोजायला ती सोयीची वाटते, पण आपल्याकडे ती दोन प्रकारची मिळते. एकीत १ मिलीचे ४० भाग (बहुधा लाल टोपण), दुसरीत १ मिलीचे १०० भाग (बहुधा नारंगी टोपण). "दहाव्या रेघेपर्यंत भरा" असं कुणी सांगितलं, तर पहिलीत ०.२५ मिली भरतं आणि दुसरीत ०.१ मिली. रेघ तीच, औषध अडीचपट! म्हणून डोस रेघांत नाही, मिलीत लिहून घ्या आणि सिरिंज डॉक्टरांना दाखवून घ्या.

रोजचं औषध : क जीवनसत्त्व

आपल्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, तसंच गिनीपिगच्याही होत नाही. १९०७ साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी गिनीपिगना फक्त धान्य खाऊ घातलं, तर त्यांना माणसासारखाच स्कर्व्ही झाला. म्हणून रोज ताजी शिमला मिरची आणि कोथिंबीर, अधूनमधून पेरूची फोड द्या. बाकी पोटभर गवत. मात्र कांदा, लसूण आणि बटाट्याची पानं नकोत. गोळी पाण्यात विरघळवून ठेवू नका, काही तासांत तिचा जोर कमी होतो.

वर्गात काय करता येईल?

• मऊ खेळण्याला टॉवेलमध्ये गुंडाळून धरण्याचा सराव.
• सुई नसलेल्या सिरिंजने रंगीत पाणी ०.१, ०.२, ०.५ मिली मोजणं.
• घरच्या प्राण्याच्या वजनाचा चार आठवड्यांचा आलेख.
• "हे औषध कुणाचं?" रिकाम्या खोक्यांवरची नावं आणि मुदत वाचणं. बाटल्या शाळेत मागवू नका, फक्त खोकी.

शेवटी

गोट्या गेल्यानंतरच्या सोमवारी ती मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. "बाई, औषधाने मेला का तो?" क्षणभर वाटलं, म्हणावं की देवाघरी गेला, आजारी होता ना. पण तिची आई स्वतःला दोष देत होती, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "हो बाळा. आणि ते औषध द्या असं मी सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, तरी मी 'माहीत नाही' म्हटलं नाही. चूक आईची नाही, माझी आहे."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे आईला पण सांगा." त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. आईने चहा टाकला. फारसं कुणी बोललं नाही.

शिक्षकाला लोक सगळंच विचारतात. ताप, कर्ज, लग्न, गिनीपिगसुद्धा. उत्तर देण्याची आपल्याला सवय असते. पण "मला माहीत नाही, आपण डॉक्टरांना विचारू" हेही उत्तरच आहे. आता मी ते न लाजता देते, आणि फोन ठेवायच्या आधी एक प्रश्न विचारते : "वजन किती आहे त्याचं?"

तुमच्या वर्गात किंवा घरी असे छोटे सोबती असतील तर हा लेख त्यांच्या पालकांपर्यंत नक्की पोहोचवा.