पिकअपचं खरं ॲव्हरेज: कागदावरचं आणि आपल्या रस्त्यावरचं



गेल्या काही महिन्यांत बैठकांमध्ये पिकअप गाडीचा विषय सारखा निघतोय. एका उत्पादक गटाला कर्ज काढून गाडी घ्यायचीय. दुसऱ्या गटाकडे गाडी आहे, पण डिझेलवरून कुरबुर सुरू झालीय. आणि भाड्याच्या गाडीनं माल पाठवणाऱ्या ताईंना गाडीवाल्यानं भाडं वाढवून मागितलंय. तिन्ही ठिकाणी अडलंय एकाच आकड्यावर: गाडी एका लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर जाते. त्याला आपण सगळे ॲव्हरेज म्हणतो. मी समाजकार्य शिकलेय, मेकॅनिक नाही. पण हा हिशेब सातवीच्या भागाकाराचा आहे आणि बचतीची वही लिहिणाऱ्या कुठल्याही ताईला तो जमतो.

आधी कुरबुरीबद्दल, कारण तिथे नुसते पैसे नाहीत, माणसं दुखावलीत. गाडी घेताना माहितीपत्रकावर लिटरला १७ किलोमीटर लिहिलेलं होतं. सचिव ताईंनी पावत्या जुळवल्या तर ११ च्या आसपास पडायला लागलं. ड्रायव्हर गटातल्याच एका ताईंचा मुलगा. बैठकीत कुणीतरी बोलून गेलं, "मग सहा किलोमीटरचं डिझेल कुठं मुरतंय?" त्यानंतर त्या ताई दोन बैठकांना आल्याच नाहीत, बचतीचे पैसे सासूबाईंच्या हाती पाठवले. चोरीचा आळ एकदा आला की तो निघता निघत नाही. म्हणून असं काही बोलण्याआधी १७ हा आकडा येतो कुठून ते समजून घेऊ.

गाडीच्या इंधनाची चाचणी प्रयोगशाळेत होते. आपल्याकडे हे काम करणारी मोठी संस्था पुण्यात आहे, एआरएआय, १९६६ पासूनची. तिथे गाडी रस्त्यावर धावत नाही, तिची चाकं रोलरवर फिरतात. वेग कधी किती ठेवायचा, कधी थांबायचं, सगळं सेकंदासेकंदाला ठरलेलं. खड्डा नाही, घाट नाही, समोरून म्हैस येत नाही आणि गाडीत पूर्ण माल भरलेला नसतो. या चाचणीत खोटं काही नाही. सगळ्या गाड्या एकाच फूटपट्टीनं मोजाव्यात, म्हणजे ही बरी की ती बरी हे कळावं, यासाठी ती असते. पण तो आकडा आपल्या रस्त्याचा नसतो. शोरूममधला माणूस मात्र तो असा सांगतो की जणू उद्या सकाळी आपल्या टाकीत तेवढंच पडणार आहे.

आता आपल्या रस्त्यावर काय होतं ते बघा. पहिली गोष्ट वजन आणि चढ. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि वाशीचं मार्केट खाडीकाठाला. मालासकट तीन टन भरलेली गाडी ६०० मीटर चढवायची, तर नुसत्या चढासाठी दीड लिटरच्या आसपास डिझेल जादा लागतं. रिकामी गाडी चढवायला त्याच्या निम्म्याच्या थोडं वर. त्यामुळे नाशिककडून टोमॅटो घेऊन कसारा घाट उतरणारी आणि रिकामी वर येणारी गाडी फायद्यात असते. कोकणातून आंबा भरून घाट चढणाऱ्या गाडीचं उलटं. गाडी तीच, ड्रायव्हरही तोच, ॲव्हरेज वेगळं.

उतारावर काही जण गाडी न्यूट्रल करून सोडतात, डिझेल वाचतं म्हणून. हे सपशेल चुकीचं आहे. आजकालच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असेल तर इंजिन डिझेल घेणंच बंद करतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यासाठी डिझेल घेत राहतं. शिवाय गिअरचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि भरलेल्या गाडीचे ब्रेक घाटात तापून निकामी होऊ शकतात. म्हणजे डिझेलही जातं आणि जिवालाही धोका. हा मुद्दा ड्रायव्हरला जरूर वाचून दाखवा.

दुसरी गोष्ट वेग. मागे उंच माल आणि वर फडफडणारी ताडपत्री असली की हवा गाडीला मागे ओढते. ५५ च्या वेगाला हवेचा जेवढा विरोध असतो, त्याच्या दुपटीहून जास्त ८० च्या वेगाला होतो. पहाटेच्या लिलावासाठी उशिरा निघून गाडी पळवायची, यापेक्षा अर्धा तास आधी माल भरून ठेवणं स्वस्त पडतं. आता माल वेळेवर भरणं ड्रायव्हरच्या हातात नसतं, ते आपल्या हातात असतं.

तिसरी गोष्ट, उभी गाडी. मार्केटच्या गेटवर रांगेत इंजिन चालू ठेवलं तर तासाला अर्धा लिटर किंवा त्याहून थोडं जास्त डिझेल जातं आणि किलोमीटर शून्य. चाकात हवा कमी असणं, एअर फिल्टर धुळीनं बंद होणं, ब्रेक घासत राहणं, ही किरकोळ वाटणारी कारणंही रोज थोडं थोडं डिझेल खातात.

तर मग आपलं खरं ॲव्हरेज काढायचं कसं? "५०० रुपयांचं टाक" अशा पावत्यांवरून ते कधीच कळत नाही, कारण टाकीत आधी किती होतं हे कुणाला ठाऊक? टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजायचं. सपाट जागेवर उभं राहून टाकी भरायची. नोझल आपोआप पहिल्यांदा बंद पडलं की थांबायचं, वरून ठासून भरायचं नाही. मीटरचा आकडा वहीत लिहायचा. मग गाडी नेहमीसारखी चालवायची. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तशीच टाकी फुल करायची. यावेळी जितके लिटर बसले, तितकंच मधल्या काळात जळलं. मधे कुठे थोडं डिझेल टाकलं असेल तर तेही त्यात मिळवायचं.

वहीत असं दिसेल. पहिल्या टाकीला ४१८ किलोमीटर, ३८ लिटर. दुसऱ्या टाकीला ३९६ किलोमीटर, ३३ लिटर. तिसरीला ४५५ किलोमीटर, ४४.५ लिटर. एकूण १२६९ किलोमीटर आणि ११५.५ लिटर. भागाकार केला की जवळपास ११. एका टाकीवर विश्वास ठेवू नका. वरच्या तीन टाक्यांत एकदा १२ आहे आणि एकदा १० च्या जवळ, तरी गाडीत काहीच बिघाड नाही.

इथे एक गंमत आहे, तिच्यावर बरेच जण फसतात. जाताना भरलेली गाडी १० चं ॲव्हरेज देते, येताना रिकामी १५ चं. मग सरासरी किती? पटकन सगळे साडेबारा म्हणतात. पण १०० किलोमीटर जायला १० लिटर लागले, १०० यायला ६.६७ लिटर. एकूण २०० किलोमीटरला १६.६७ लिटर, म्हणजे १२. ॲव्हरेजची बेरीज करायची नाही, किलोमीटरची आणि लिटरची वेगवेगळी बेरीज करून मग भागायचं.

त्या कुरबुरीच्या गटात असंच तीन टाक्या मोजलं. दर वेळी सचिव ताई स्वतः पंपावर गेल्या. आकडा ११ च्या आसपासच आला. म्हणजे कुणीही डिझेल काढत नव्हतं, त्या रस्त्यावर भरलेल्या गाडीचं ॲव्हरेजच तेवढं आहे. अध्यक्ष ताई त्या आईच्या घरी वही घेऊन गेल्या. हे बरं केलं, कारण आळ सगळ्यांसमोर आला होता, तो नुसत्या फोनवर पुसला गेला नसता.

याचा अर्थ लक्षच ठेवायचं नाही असा नाही. तोच रस्ता, तेवढाच माल आणि ११ चं अचानक ८ झालं, तर विचारायलाच हवं. पण आधी गाडीला विचारायचं. एक फेरी झाल्यावर चाकाजवळ हात न्या, एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक घासतोय. गाडी जिथे उभी असते तिथे खाली डिझेलचे डाग आहेत का बघा. मग पंप तपासा. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्यानं तपासलेलं ५ लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर त्यानं मोजून दाखवावं लागतं. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. बायकांनी माप मागितलं की पंपावरचा माणूस आधी हसतो, असा माझा अनुभव आहे. हसू द्या. माप काढेपर्यंत तिथून हलायचं नाही. एवढं सगळं ठीक निघालं तरच ड्रायव्हरशी बोलायचं, तेही बाजूला बसवून.

आता ज्या गटाला गाडी घ्यायचीय त्यांच्यासाठी. पिंपळगाव बसवंतला टोमॅटो न्यायचा, जाऊन-येऊन १३० किलोमीटर, डिझेल सोपं म्हणून ९० रुपये धरू. कागदावरच्या १७ नं एका खेपेला ६८८ रुपयांचं डिझेल लागतं. ११ नं १,०६४ रुपयांचं. फरक ३७६. महिन्याला २४ खेपा म्हणजे ९ हजार रुपये! बँकेच्या अर्जात १७ लिहून काढलेला नफा हा असा महिन्याला ९ हजारांनी खोटा असतो आणि हप्ता भरताना तो आपल्या बचतीतून जातो. तशीच गाडी तशाच रस्त्यावर चालवणाऱ्या दोघातिघांना विचारा, आणि जमलं तर एकाच्या गाडीची एक टाकी मोजून बघा. अर्जात तोच आकडा टाका.

आणि नुसत्या ॲव्हरेजलाही भुलू नका. ३० क्रेट घेऊन गेलेली गाडी समजा साडेबाराचं ॲव्हरेज देते. खेपेला ९३६ रुपयांचं डिझेल, क्रेटमागे ३१ रुपये. ६० क्रेट नेले तर ॲव्हरेज ११ वर उतरतं, पण क्रेटमागे डिझेल पावणेअठरा रुपयेच. चांगल्या ॲव्हरेजची गाडी महाग पडली की नाही? शेजारच्या गटाचा माल एकत्र भरण्यात जेवढी बचत आहे, तेवढी दुसऱ्या कशातच नाही. मात्र आरसी बुकात लिहिलेल्या वजनाच्या वर जायचं नाही. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार.

राहिलं भाड्याचं. गाडीवाला म्हणाला, डिझेल ५ रुपयांनी वाढलं, खेपेला २०० रुपये जादा द्या. १३० किलोमीटरला ११ च्या ॲव्हरेजनं ११.८ लिटर लागतात. ५ रुपयांनी गुणलं की ५९ रुपये. बाकीचे १४१ कशाचे, हे त्याला शांतपणे विचारा. टायर, विमा, हमाली असं काही खरंच वाढलं असेल तर तो सांगेल आणि ते ऐकूनही घ्यायला हवं, त्याचंही घर त्याच गाडीवर चालतं. डिझेलचा दर २०१७ पासून रोज बदलू शकतो, तेव्हा दर वेळी वाद घालण्यापेक्षा भाडं ठरेल त्या दिवसाचा पंपावरचा दर कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. खाली एक ओळ टाका: दर ५ रुपयांनी बदलला की खेपेमागे ६० रुपये वर किंवा खाली. त्यातलं "किंवा खाली" लिहायचं राहू देऊ नका.