आज्ञावलीची ओळख आज्ञावलीतच : हस्तसंगणकांच्या पॅकेजांविषयी

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की, अभ्यासकाचे लक्ष पोथीच्या पहिल्या पानापेक्षा शेवटच्या पानाकडे आधी जाते. ग्रंथ लिहून पुरा झाला म्हणजे लेखनिक तेथे चार ओळी लिहीत असे. ग्रंथाचे नाव काय, कर्ता कोण, नक्कल कोणी केली, कोणत्या शकात, कोणत्या गावी, कोणासाठी, हे त्यांत असे. ह्या मजकुरास पुष्पिका म्हणतात. पोथी एका मठातून दुसऱ्या मठात गेली, तिचा धनी बदलला, मूळ संग्रहाची यादी नाहीशी झाली, तरी पुष्पिका पोथीबरोबरच राहिली. कारण ती निराळ्या कागदावर लिहिलेली नव्हती. ज्या पोथ्यांचे शेवटचे पान गळाले त्यांचा कर्ता व काळ ठरविणे मात्र अभ्यासकांना जड गेले आहे.

प्रस्तुत पुस्तिकेचा विषय पोथ्या हा नाही. परंतु तळहातावर मावणाऱ्या संगणकांकरिता ज्या आज्ञावल्या तयार होतात, त्यांच्याबाबत हाच प्रश्न गेली काही दशके उभा आहे. आज्ञावली म्हणजे संगणकाने करावयाच्या कामाचा क्रमवार आदेश. ती एकटी क्वचितच असते. तिच्यासोबत चित्रे, ध्वनी, अक्षरांचे नमुने वगैरे सामग्री असते. ही सर्व सामग्री एका फाइलीत बांधली म्हणजे तिला पॅकेज म्हणतात. त्या बांधणीत आणखी दोन गोष्टी घालता येतात. एक म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी थोडक्यातली ओळख: नाव, आवृत्ती, कर्ता, परवाना, चिन्हचित्र. इंग्रजीतून आलेला 'मेटाडेटा' हा शब्द ह्याकरिता वापरतात. आपण त्यास परिचयपत्र म्हणू. दुसरी गोष्ट म्हणजे माणसाने वाचावयाची मार्गदर्शिका. परिचयपत्र व मार्गदर्शिका पॅकेजच्या आत असावीत की बाहेर, ह्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर पुढे पुष्कळ काही अवलंबून राहते.

टेबलावरील संगणकाजवळ कपाट असते, छापील पुस्तक असते, बहुधा तारेने जोडलेले जाळेही असते. हस्तसंगणक धन्याबरोबर फिरतो. समजा, वनखात्याचा एखादा कर्मचारी दाट रानात झाडांची मोजदाद नोंदवीत आहे आणि यंत्राने त्यास न समजणारा प्रश्न विचारला. मार्गदर्शिका जाळ्यावर असेल तर त्या क्षणी ती नसल्यासारखीच होय.

आरंभीच्या यंत्रांत ह्या अडचणीस जागेच्या अभावाचे निमित्त होते. १९९६ साली निघालेल्या पायलट १००० ह्या यंत्राची स्मृती १२८ किलोबाइट, म्हणजे १,३१,०७२ बाइट होती. पाम कंपनीच्या ह्या घराण्यातील आज्ञावलीच्या फाइलीस आरंभी एक शीर्षभाग असे. त्यात नावासाठी ३२ बाइटांची जागा, आवृत्तीचा अंक, तयार झाल्याची तारीख आणि कर्त्याची चार अक्षरांची खूण असे. पडद्यावर दिसणारे नाव, चिन्हचित्र व आवृत्तीचा मजकूर हे फाइलीतच निरनिराळ्या तुकड्यांत असत. काही चौकटींच्या कोपऱ्यात एक लहान खूण असे. तिला टोचणी लावली की दोनचार ओळींची सूचना उघडे. इतकी कसोशीची रचना असूनही सविस्तर मार्गदर्शिका बहुधा निराळ्या मजकूर-फाइलीत येई व टेबलावरील संगणकातच राहून जाई. हाती उरे ती आज्ञावली आणि त्या दोनचार ओळी.

पुढे लिनक्स प्रणाली लहान यंत्रांवर आली. कॉम्पॅक कंपनीच्या आयपॅक एच ३६०० श्रेणीतील यंत्रांत १६ मेगाबाइट स्थायी स्मृती होती, आणि तीत संपूर्ण प्रणाली बसवावयाची होती. त्यांच्यासाठी 'आयपीकेजी' नावाची पद्धत वापरात आली. तिचा साचा डेबियन ह्या मोठ्या लिनक्स संचाकडून घेतलेला होता. पॅकेजमध्ये दोन गठ्ठे असत: एकात प्रत्यक्ष सामग्री, दुसऱ्यात परिचयपत्र. परिचयपत्रात नाव, आवृत्ती, सांभाळ करणारा, वर्णन आणि ही आज्ञावली दुसऱ्या कोणत्या पॅकेजांवर विसंबून आहे त्यांची यादी असे. परिचयपत्र अशा रीतीने आत राहिले, परंतु मार्गदर्शिकेस काट बसली. तिचे निराळे पॅकेज करून त्याच्या नावापुढे 'डॉक' हे शेपूट लावण्याचा प्रघात पडला, आणि जागेची निकड असलेला वापरणारा ते घेतच नसे. ह्यातून एक अडचण निर्माण झाली, ती केवळ सोयीची नव्हती. मुक्त आज्ञावल्यांचा १९९१ सालचा प्रसिद्ध परवाना, ज्यास जीपीएलची दुसरी आवृत्ती म्हणतात, आज्ञावली दुसऱ्यास देताना परवान्याची प्रतही सोबत दिली पाहिजे असे सांगतो. मार्गदर्शिकेच्या कप्प्यातच परवान्याचा कागद ठेवलेला असेल, तर कप्पा वगळताना तोही वगळला जातो.

जागेचा हा हिशेब एकदा नीट मांडून पाहण्यासारखा आहे. युनिकोडच्या नेहमीच्या लेखनपद्धतीत रोमन अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन. दहा हजार शब्दांची मराठी मार्गदर्शिका घेतली आणि शब्दास, मधल्या रिकाम्या जागेसह, सरासरी साडेसहा चिन्हे धरली, तर सुमारे १,७५,००० बाइट होतात. पायलट १००० च्या संपूर्ण स्मृतीतही त्या मावल्या नसत्या. सोळा मेगाबाइटांच्या यंत्रात मात्र त्या शंभराव्या हिश्श्याहून किंचित अधिक होतात, आणि मजकूर आकुंचित केला तर त्याहून पुष्कळ कमी. उलट ८०० गुणिले ४८० बिंदूंच्या पडद्याचे एकच रंगीत चित्र, आकुंचित न करता, ११,५२,००० बाइट व्यापते. तात्पर्य, आजच्या यंत्रांत मजकूर महाग नाही. मार्गदर्शिका वगळण्याची सवय मात्र जागेची टंचाई संपल्यावरही टिकून राहिली आहे.

ओळख बाहेर ठेवण्यामागेही एक रास्त कारण आहे. २००० सालापासून जावा भाषेतील लहान आज्ञावल्या भ्रमणध्वनींवर येऊ लागल्या. तेव्हा प्रत्येक बाइट हवेतून उतरवून घेण्यास पैसे पडत. म्हणून पॅकेजच्या आतील परिचयपत्राखेरीज एक लहानशी चिठ्ठी बाहेर ठेवीत. तीत नाव, आवृत्ती, विक्रेता, पॅकेजचा पत्ता आणि त्याचा आकार लिहिलेला असे. फोन आधी चिठ्ठी वाची आणि जागा पुरेल की नाही ते ठरवी. परंतु एका गोष्टीची ओळख दोन ठिकाणी लिहिली की त्यांत तफावत पडण्याची वाट मोकळी होते. म्हणून नाव, आवृत्ती व विक्रेता ही दोन्हीकडे तंतोतंत एक असली पाहिजेत, नाहीतर पॅकेज नाकारावे, असा दंडक घातला गेला. २००२ सालच्या नियमावलीत तर आकार न जुळल्यास ९०४ आणि ओळख न जुळल्यास ९०५ असे नकाराचे क्रमांकही ठरवून दिले होते.

ह्या सर्वांत प्रस्तुत लेखकास सर्वांत सुबक वाटलेली रचना एका लहानशा यंत्राची आहे. ओपनपँडोरा हे त्याचे नाव. २०१० साली ते ग्राहकांच्या हाती पडू लागले. पुस्तकासारखे मिटणारे, आत कळफलक असलेले, लिनक्सवर चालणारे हे यंत्र. आत ५१२ मेगाबाइट स्थायी स्मृती आणि बाहेर दोन स्मृतिकार्डांच्या खाचा. आज्ञावल्या यंत्रात न बसविता कार्डावरच राहाव्यात, कार्ड काढले की आज्ञावली गेली आणि घातले की आली, असे तिच्या कर्त्यांनी योजिले. त्यासाठी 'पीएनडी' नावाची पॅकेजपद्धत केली.

पीएनडी फाइलीचे तीन भाग एकापुढे एक जोडलेले असतात. पहिला व सर्वांत मोठा भाग म्हणजे आज्ञावलीच्या संपूर्ण फोल्डराची केवळ वाचता येईल अशी प्रतिमा, बहुधा आकुंचित केलेली. तिच्या पाठीस परिचयपत्र, ज्यास पीएक्सएमएल म्हणतात; हा खुणांनी बांधलेला साधा मजकूर होय. त्याच्याही पाठीस चिन्हचित्र. हे तीन तुकडे नुसते एकामागे एक चिकटविले तरी चालतात, कारण प्रतिमेची रचना तिच्या आरंभी नोंदलेली असते आणि शेवटी आणखी काही लागलेले आहे ह्याची वाचणाऱ्यास बाधा होत नाही.

आता कार्ड घातल्यावर काय होते ते पाहा. यंत्र कार्डावरील ठराविक फोल्डर धुंडाळते. फाइल शेकडो मेगाबाइटांची असू शकते. ती सबंध वाचली तर यादी दिसेपर्यंत वापरणारा कंटाळून जाईल. म्हणून यंत्र फाइलीच्या शेवटाकडून उलट वाचू लागते, परिचयपत्राच्या आरंभीची खूण सापडली की थांबते, आणि तेथून पुढे नाव, वर्णन व वर्ग टिपून घेते. परिचयपत्र संपले की पुढचे चिन्हचित्र. ते पीएनजी प्रकारचे असल्यामुळे १३७, ८०, ७८, ७१ ह्या चार बाइटांनी सुरू होते व सहज ओळखता येते. एवढ्यावर पडद्यावरील यादी तयार! प्रतिमेस अजून हातही लागलेला नाही. पोथीचे बासन सोडून सरळ शेवटचे पान पाहणाऱ्या अभ्यासकाची रीत ती हीच.

वापरणाऱ्याने आज्ञावली निवडली म्हणजे मगच प्रतिमा प्रणालीस जोडली जाते. ती केवळ वाचता येण्याजोगी असल्यामुळे आज्ञावलीने नवे काही लिहिले तर ते कार्डावरील निराळ्या फोल्डरात, पॅकेजच्या ओळखनामाखाली साठते. पॅकेज जसेच्या तसे राहते आणि त्याची नक्कल करून मित्रास दिली तरी त्यात आपली खाजगी नोंद जात नाही.

मार्गदर्शिकेची सोय ह्याच परिचयपत्रात आहे. प्रतिमेच्या आत मार्गदर्शिका कोठे आहे, ती साध्या मजकुराची की दुवे असलेल्या पानांची, आणि तिला कोणत्या नावाने दाखवावे, एवढे एका ओळीत लिहिले की पुरे. मग आज्ञावली सुरू न करताही ती वाचता येते. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक समजू नये. आज्ञावली सुरूच होत नसेल, तर तिच्या आतील 'मदत' ह्या बटणाचा उपयोग काय?

नाव आणि वर्णन ह्यांपुढे भाषेची खूणही लिहिता येते, म्हणजे एकाच पॅकेजमध्ये इंग्रजी, जर्मन आणि मराठी नावे शेजारी शेजारी राहू शकतात व यंत्र आपल्या धन्याची भाषा पाहून त्यांतील एक उचलते. आपल्या देशात ह्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. बंगलोर येथे आखलेला आणि २००४ साली विक्रीस आलेला सिम्प्युटर हा हस्तसंगणक भारतीय भाषा बोलणारा माणूस नजरेसमोर ठेवूनच घडविला होता. भाषांतराची फाइल कोठेतरी दूर ठेवावयाची नसून पॅकेजमध्येच एक ओळ वाढवावयाची असली, तर भाषांतर करणाऱ्याचे श्रमही पॅकेजबरोबर प्रवास करतात.

आजच्या अँड्रॉइड फोनांची पॅकेजे झिप पद्धतीने बांधलेली असतात. झिपमध्येही आतील फाइलींची सूची शेवटी असते, आणि यंत्र सबंध गठ्ठा न सोडता परिचयपत्र तेवढे काढते. त्यात ओळखनाम, आवृत्ती, चिन्हचित्राचा निर्देश आणि आज्ञावली कोणकोणती मुभा मागते ते असते. परंतु आज्ञावली कशाकरिता आहे ह्याचे सविस्तर वर्णन, पडद्यांची चित्रे आणि बदलांचा इतिहास हे सामान्यतः विक्रीच्या भांडारातच राहते. भांडार चालू आहे तोवर ह्यात काही उणे भासत नाही. परंतु भांडारे बंद होतात. पामच्याच वारशातील वेबओएस यंत्रांचे आज्ञावली-भांडार एचपी कंपनीने १५ जानेवारी २०१५ रोजी बंद केले. त्यानंतर जतन करणाऱ्या हौशी मंडळींस नुसती पॅकेजे गोळा करून भागण्यासारखे नव्हते. प्रत्येक पॅकेज काय होते व कोणत्या यंत्रासाठी होते, हे भांडाराबरोबर गेलेले वर्णनही पुन्हा जुळवावे लागणार होते.

आत ठेवलेल्या परिचयपत्रासही दोष आहेत, ते लपविण्याचे कारण नाही. ते जुने होते. कर्ता आज्ञावली सुधारतो, आवृत्तीचा अंक बदलावयास विसरतो, आणि यंत्र नव्या फाइलीस जुनीच समजते. कर्त्याचा पत्ता बदलला तरी वाटल्या गेलेल्या हजार प्रतींत जुनाच पत्ता राहतो. शिवाय पीएनडीच्या शेवटचा मजकूर कोणालाही बदलता येतो. ह्यामुळे चूक दुरुस्त करणे सोपे, तसे खोटे नाव लावणेही सोपे. अँड्रॉइडने ही वाट अंकीय स्वाक्षरीने बंद केली आहे. परिचयपत्रातील एक अक्षर बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही. अर्थात प्रामाणिक दुरुस्ती करणाऱ्यासही मग ती वाट बंदच. दोहोंपैकी कोणती पद्धत पत्करावी हे पॅकेज कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाणार आहे त्यावर ठरेल. बँकेच्या आज्ञावलीस स्वाक्षरी हवीच. शाळेतील मुलांनी एकमेकांस द्यावयाच्या शब्दखेळास तिच्यावाचून फारसे अडणार नाही.

पॅकेज बांधणाऱ्याने ते वाटण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. तिला खर्च नाही. फाइल एका कोऱ्या कार्डावर घ्यावी, ज्याने ती आज्ञावली पूर्वी पाहिलेली नाही अशा माणसाच्या यंत्रात ते कार्ड घालावे आणि यंत्राचा जाळ्याशी असलेला संबंध तोडावा. मग त्यास चार गोष्टी विचाराव्यात: ही कशाची आज्ञावली आहे, कोणी केली, दुसऱ्यास देण्याची मोकळीक आहे काय, आणि ती चालली नाही तर प्रथम काय करून पाहावे? ज्या प्रश्नास तो अडखळेल, त्याचे उत्तर पॅकेजच्या बाहेर कोठेतरी राहिले आहे.