भिंत झाकण्याआधी ती वाळते का ते पाहा

गिरगावातली आमची खोली पगडीच्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. पश्चिमेची भिंत मे महिन्यात संध्याकाळनंतरही तापलेली असायची आणि तिला लागूनच सासूबाईंची खाट. कंत्राटदाराने लाकडी पट्ट्या ठोकून मधे थर्माकोल बसवला, वरून प्लायवूड लावलं. भिंतीला ओल आहे का, हे त्याने पाहिलंच नाही. पावसाळ्यात खोलीला कुबट वास सुटला. गणपतीआधी प्लाय उचकटला, तर मागे काळी बुरशी पसरलेली.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याने त्याची झोड दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींवर बसते. म्हणून उन्हाचा बंदोबस्त करण्याआधी पाण्याचा करायला हवा. ब्रिटनमध्ये दुपदरी भिंतींच्या पोकळीत उष्णतारोधक लोकर भरतात. तिथेही वेल्ससारख्या पावसाळी भागात त्यामुळे ओल आत शिरल्याच्या तक्रारी झाल्या, काही घरांतली लोकर काढावी लागली. आपल्या जुन्या भिंती भरीव, चुन्यात रचलेल्या विटांच्या. त्या पाणी पितात, आणि उघड्या असल्या तर सोडतातही. वर सिमेंटचा गिलावा नि ऑइलपेंट चढवला की ती वाट बुजते.

तपासणी पावसाळ्यातच करा. प्लास्टिकचा फूटभर चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा, दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला असेल तर ती हवेतली वाफ. मग बाहेर डोकावा: फुटका पावसाळी पाइप, छज्ज्याची भेग, वरच्या घराची मोरी, पिंपळाचं रोप. आमच्याकडे पाइप फुटला होता. पिंपळ वरवर छाटून उपयोग नाही, मूळ काढून विटांमधल्या फटी भरून घ्या. इमारत 1969 पूर्वीची आणि उपकरप्राप्त असेल, तर मुख्य दुरुस्तीसाठी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे सर्वांनी मिळून लेखी अर्ज द्या, पोच जपून ठेवा.

उन्हाला बाहेरच अडवलेलं बरं. खिडकीबाहेर बांबूची चिक आणि गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकची फरशी, एवढ्यानेही खोली निवते. पोपडे खरवडून चुन्याचा गिलावा मात्र पाऊस पूर्ण थांबल्यावरच करा आणि रंगाची घाई करू नका. कंत्राटदार दिवाळीआधी सगळं उरकायचं म्हणेल. भिंत अजून ओली असेल, तर त्याला ठाम नाही म्हणा.