सांधेदुखीवर उपयुक्त निरगुडी : लागवड व वापर

मीरा-भाईंदर परिसरातील मिठागरे, उत्तनच्या किनाऱ्यावरील बोंबील वाळविण्याच्या वलांडी आणि भाजीचे मळे येथील कामे वाकून, उकिडवे बसून अथवा ओझे वाहून करावी लागतात. त्यामुळे उतारवयात गुडघे व कंबर धरल्याची तक्रार घरोघरी आढळते. अशा दुखण्यास बांधावरची निरगुडी काहीसा उतार देऊ शकते.

गुणधर्म : निरगुडीच्या पानांत सुगंधी तेल व अ‍ॅग्नुसाइड, कॅस्टिसिन आदी द्रव्ये असतात. प्राण्यांवरील प्रयोगांत पानांच्या अर्काने सूज व वेदना कमी झाल्याचे आढळले आहे. माणसांवरील मोठ्या चाचण्या मात्र अद्याप पुरेशा झालेल्या नाहीत. हळदीतील कर्क्युमिनही सूज उतरविणारे आहे. परंतु हळदीत ते सामान्यतः शेकडा २ ते ५ इतकेच असते व शरीरात फार थोडे शोषले जाते. म्हणून आहारातील हळदीकडून औषधाच्या गुणाची अपेक्षा ठेवू नये.

लागवड : पावसाच्या आरंभी पक्व फांदीचे वीतभर लांबीचे छाट कुंपणालगत लावावेत. पाणी साचणारी जागा टाळावी. गुरे हा पाला सहसा खात नाहीत. त्यामुळे कुंपणही साधते.

वापर : दोन मुठी ताजी पाने धुऊन २ लिटर पाण्यात १५ मिनिटे उकळावी. सोसवेल इतक्या गरम पाण्यात फडके पिळून १० ते १५ मिनिटे शेक द्यावा. प्रथम थोड्या जागी लावून पाहावे. जखमेवर किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या त्वचेवर शेक देऊ नये. काढा वैद्याच्या सल्ल्यावाचून पोटात घेऊ नये.

दक्षता : शेकाने वेदना शमते, मूळ रोग जात नाही. सांधा लाल व गरम होऊन ताप आल्यास, अथवा दोन्ही हातांची बोटे सुजून सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक राहत असल्यास, विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. तो संधिवात असल्यास उपचारातील दिरंगाईने सांधे कायमचे वाकडे होतात. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. बाजारातील बिननावाच्या, तत्काळ गुण देणाऱ्या पुड्या तर कदापि घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे अनेकदा उघड झाले आहे. त्यांनी वेदना तात्पुरती थांबते. पण हाडे ठिसूळ होतात व रक्तातील साखर वाढते.